बटाटेवड्यावर एकमत

डब्लिन विमानतळाबाहेर पडलो आणि पहिल्यांदा दिसली ती दुभाजकाला रंग लावणारी माणसं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मंत्रालयात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ओला रंग दिसला की कळतं, मंत्री येणार आहेत. इथे तर युरोपीय संघातल्या सगळ्या देशांचे येणार होते. या खेपेला त्यांच्या बैठकांचं यजमानपद आयर्लंडकडे आहे.

माझी पुतणी स्नेहल ब्लँचर्डस्टाउनला राहते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, आणि ही त्याच्यामागून आलेली. घरात बसून कंटाळली, म्हणून तिने भाड्याच्या स्वयंपाकघरात फराळाचा छोटा धंदा काढला. बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात मंत्र्यांच्या बैठका होणार होत्या आणि मधल्या चहाला तिचे बटाटेवडे ठेवायचं चाललं होतं. बैठकीचा विषय होता लहान उद्योगांना हात देणे. नमुना चाखून मंजूर झाला की बैठकांच्या अख्ख्या मोसमाचं काम तिचं. ते मिळालं तर स्वतःचं दुकान, नाहीतर कोणाच्या तरी ऑफिसात नोकरी, असं तिने नवऱ्याला कबूल केलं होतं. मी म्हटलं, मी येतो बरोबर, सरकारी माणसं मला कळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर बसून निघालो. तासाभरात तीनदा पाऊस आला आणि तीनदा ऊन पडलं. लाल विटांची घरं, मग वकिलातींचे झेंडे, आणि प्रत्येक कोपऱ्यावर नव्याने लावलेली फुलं. एका वळणावर चटणीचा डबा कलंडला आणि माझ्या पांढऱ्या शर्टावर हिरवा नकाशा उमटला. शेजारच्या आजोबांनी रुमाल पुढे केला आणि म्हणाले, ‘‘ग्रँड, ग्रँड.’’ (ग्रँड म्हणजे इथे सगळं ठीक. काहीच ठीक नसलं तरीही तेच.)

हॉटेलात पाच देशांचे पाच अधिकारी बसले होते. वडे गरम होते. पाचही जणांनी दोन-दोन खाल्ले, एकाने तिसरा उचलला. माझ्या हिशेबी काम झालं होतं. मग त्यांनी कागद काढले.

त्यांतल्या एका बाईंनी माझ्या शर्टाकडे पाहिलं. चटणी वगळण्यात आली. मोहरीची कोणाला तरी ॲलर्जी असणार, मोहरी गेली. लसणाने दोन मंत्र्यांच्या खासगी चर्चेत अडथळा येईल. मिरचीला एका देशाचा तात्त्विक विरोध होता. हळद बोटांना लागते आणि चहानंतर लगेच समूहछायाचित्र आहे. स्नेहल माझ्याकडे बघत होती. तिने मराठीत विचारलं, ‘‘काका, नको म्हणू का?’’

आणि इथे माझी जन्माची खोड आडवी आली. आमच्याकडे नाही म्हणत नाहीत, ‘तत्त्वतः मान्य’ असा शेरा मारतात. मी तिला गप्प बसायची खूण केली आणि सांगून टाकलं की सगळ्या सूचना तत्त्वतः मान्य आहेत. पाचही माना समाधानाने हलल्या. हा माणूस आपल्यातला, हे त्यांना पटलं होतं.

मग तळणावर चर्चा झाली. तेल नको, कारण दुपारच्या दुसऱ्या बैठकीचा विषय आरोग्य होता. तळायचं नाही तर बेसनाचं आवरण कशाला? शेवटी एकमताचा मसुदा मोठ्याने वाचला गेला. उरला होता उकडलेला बटाटा. मिठावर एका देशाने आपलं मत राखून ठेवलं.

तेवढ्यात हॉटेलची व्यवस्थापक आत आली. तिने मसुदा वाचला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘‘उकडलेला बटाटा? तो आमच्या स्वयंपाकघरात रोजच असतो. बाहेरून कशाला मागवायचा?’’

हेही एकमताने मंजूर झालं. स्नेहलचे आभार इतिवृत्तात नोंदवायचं ठरलं. आम्ही रिकामा डबा घेऊन बाहेर पडलो. रिकामा, कारण चर्चा चालू असताना उरलेले वडे त्यांनी संपवले होते. मला भयंकर राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

आठवड्याने ती मला विमानतळावर सोडायला आली. दुभाजकाचा रंग वाळला होता. तिने प्रवासासाठी वडे दिले, मिरची-लसूण सगळं घालून. सोमवारपासून एका ऑफिसात रुजू होणार असल्याचं सांगितलं. मी त्या अधिकाऱ्यांना नावं ठेवायला लागलो, तर तिने शांतपणे थांबवलं.

‘‘ते आपापल्या देशाकडून बसले होते, काका,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्याकडून तुम्ही होतात.’’

विमानात डबा उघडला. वडा तिखट होता, डोळ्यांत पाणी आलं. बत्तीस वर्षं मी ‘तत्त्वतः मान्य’ असा शेरा मारून फायली पुढे ढकलल्या. त्या ज्यांच्या होत्या, त्यांतला एकही चेहरा मला आठवेना.