टोपणातला खडू

खडू झिजून नखाएवढा झाला की आपण तो फेकून देतो. गायकवाड बाई तो जुन्या पेनाच्या टोपणात खोचायच्या आणि त्यावर आणखी दोन दिवस फळा लिहायच्या. आम्ही बाकीचे शिक्षक तुकडे खिडकीतून टाकायचो, त्या मधल्या सुट्टीत खिडकीखाली वाकून ते वेचायच्या. नारायणगावच्या अलीकडं एका वाडीवर आमची शाळा. तिथं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं, वाकलेलं. मनात म्हटलं, ही कोण कंजूष बाई आली! खरंच कंजूष असत्या तर बरं झालं असतं. कंजूष माणसाचा कोणी हेवा करत नाही.

मी केला. सहा वर्षं केला, अगदी मन लावून.

त्या पेठ गावच्या. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून त्यांच्या घरात शिक्षणाला पैसा कधी कमी पडू दिला नाही म्हणे. दीड एकर कोरडवाहूवर तिन्ही भावंडं शिकली. माझं सासर मंचरचं, बागायतदार. साडी माझी भारी, अक्षर माझं सुंदर, संमेलनं बसवायची मी. पण पोरं घोळका करायची ती त्यांच्याभोवती. असं काय सांगते ही बाई, म्हणून एकदा मी चोरासारखी त्यांच्या वर्गाबाहेर उभी राहिले. त्या सांगत होत्या, "देशानं कर्ज काढलंय. तुमी मोठं झाल्याव तुमालाच फेडायचंय. मंग आत्ताच कमी काढाय लावू की!" एवढ्यावर चाळीस पोरं खूश. पंखा बंद करायला त्यांच्यात शर्यत लागायची. शाळेचा नळ गळला तर कोणीतरी घरून वायसर घेऊन हजर.

चाळीसांचं मी सोसलं असतं हो. पण त्यांतली एक माझी होती. केतकी, चौथीत.

घराला फरशी घ्यायला आम्ही मंचरच्या एका दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, बिल नको असेल तर जीएसटी वाचेल. ह्यांनी मान डोलावली. तेवढ्यात केतकी भर दुकानात म्हणाली, पप्पा, पक्कं बिल घ्या, तो पैसा देशाचा असतो, बाई म्हणतात. हे ओशाळले आणि मुकाट्यानं पक्कं बिल घेऊन आले. हेच मी सांगितलं असतं तर बापलेकीनं मला वेड्यात काढलं असतं! घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, शाळेत मीसुद्धा बाईच आहे." ती म्हणाली, "हो, पण तू आई आहेस." आता यात वाईट काय होतं? पण मला ते झोंबलं. त्या दिवसापासून माझे कान फक्त 'बाई म्हणतात' एवढंच टिपायला लागले.

मग मार्च आला. शाळेत नोकरी न केलेल्यांसाठी सांगते. वर्षाचं अनुदान मार्चअखेर संपवायचं असतं. उरलं तर परत जातं, आणि एकदा परत गेलं की पुढच्या वर्षी कमी येतं, अशी सगळ्यांची ठाम समजूत. म्हणून मग बादल्या येतात, सतरंज्या येतात, दोन घड्याळं असलेल्या वर्गात तिसरं टांगलं जातं. त्या वर्षी मुख्याध्यापक लांबच्या रजेवर होते आणि चार्ज गायकवाड बाईंकडं. बाकं त्यांनी पालकांना बोलावून दुरुस्त करून घेतली होती, त्यामुळं पैसे शिल्लक. मी संमेलनासाठी नवा स्पीकर मागितला. "जुना वाजतोय की, मॅडम," त्या म्हणाल्या. "लागलं तेवढं घेतलं. बास झालं." आणि उरलेली रक्कम त्यांनी खरोखर परत पाठवली.

स्टाफरूममध्ये जो तो त्यांच्यावर उखडला. एका गुरुजींनी विचारलं, या वाडीवरच्या शाळेनं देशाचं कर्ज फिटणार आहे होय? बाई डबा खात होत्या. घास गिळून म्हणाल्या, "न्हाई फिटनार. पन आपल्यामुळं वाढलं न्हाई, येवढं तरी झालं का न्हाई?"

माझा स्पीकर गेला, त्याचं मी गिळलं असतं. पण संध्याकाळी केतकी डोळे मोठे करून सांगायला लागली, "आई, आमच्या बाईंनी देशाचे पैसे परत दिले! तू काय दिलंस?"

दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला मी शाळेच्याच कोऱ्या फुलस्केपवर निनावी अर्ज लिहिला. प्रभारी मुख्याध्यापिकेनं निधी न वापरता विद्यार्थ्यांचं नुकसान केलं, चौकशी व्हावी. हात मुद्दाम वळवून, अक्षर बिघडवून लिहिला आणि नारायणगावला टपालपेटीत टाकला.

शिक्षण खात्याचे साहेब आले. अर्जाची झेरॉक्स बाईंच्या हातात देऊन खुलासा मागितला आणि पुढं लेखी समजही दिली. गावभर चर्चा झाली. केतकी दोन दिवस नीट जेवली नाही. "कोणी लिहिलं असेल गं, आई?" एकसारखं विचारायची. मी भाकरी थापत होते. म्हटलं, असतात गं लोक.

जूनमध्ये बाईंची बदली थेट भीमाशंकरच्या डोंगरात झाली. अर्जामुळं झाली की त्यांचा नंबरच लागला होता, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत झाली नाही. निरोपाच्या दिवशी नारळ-शाल झाल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात एकटीला गाठलं आणि घडी घातलेला कागद हातात दिला. माझ्याच अर्जाची झेरॉक्स. उलटून पाहिलं तर मागं त्यांच्या बारीक अक्षरात खुलाशाचा कच्चा मसुदा. "मागची बाजू कोरी व्हती," त्या म्हणाल्या. "वाया कशाला घालवायची?"

सहा वर्षं आम्ही निकालपत्रकं शेजारी बसून भरली होती. माझं अक्षर कितीही वळवलं तरी त्या ओळखणारच की!

"तुमच्यापाशीच ठिवा, मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याकडं ऱ्हायला तर कवातरी केतकीच्या नजरंस पडंल. बाई काय, दुसरी मिळंल तिला."

तो कागद आठ वर्षं माझ्या कपाटात साड्यांच्या खाली होता. मी माफी मागितली नाही, पत्र नाही, फोन नाही. एवढंच केलं, की खडू टोपणात खोचायला लागले. कोणी कौतुक केलं की आत पुन्हा टोचायचं, कारण कौतुकही त्यांच्याच सवयीचं.

यंदा बारावी झाल्यावर केतकी एकटीच एसटीनं डोंगरात जाऊन बाईंना भेटून आली. मी तिची बॅग उपसत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, काय म्हणाल्या? "तुझी चौकशी करत होत्या," ती म्हणाली. "आणि म्हणाल्या, तुझ्या आईसारखं अक्षर मी आजवर पायलं न्हाई."

मी उठले, कपाट उघडलं आणि तो कागद तिच्या हातात दिला.

तिनं पुढची बाजू वाचली. मग उलटून मागची वाचली. "तू लिहिलंस हे बाईंना माहीत होतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून. माझी पोर आता गेली असंच मी धरून चालले होते. मग तिनं कागदाची पहिल्यासारखी घडी घातली आणि म्हणाली, "आई, हे तू कसं फेडणार?"

मंगळवारी सकाळी आम्ही दोघी मंचरच्या स्टँडवर डोंगराकडं जाणाऱ्या एसटीत बसलो.