बिरूतात्याचा आड

"मिसरच्या लोकांनी काय केलं? मेलेल्या राजाला डोंगरायेवढं घर बांधलं. आन् जित्या माणसाला?"

एवढं विचारून बिरूतात्या थांबायचा. नाटकातला मुरलेला नट टाळीसाठी थांबतो तसा. समोर मात्र टँकरची वाट बघत ड्रमवर बसलेल्या बाया असायच्या.

"जित्याला काय, तात्या?" कुणीतरी कंटाळून विचारायचं.

"ते इचारूच नका. आता सिंधूकाठची माणसं बघा. मोठी थडगी नायत, राजाचे पुतळे नायत. पण घरोघर न्हाणी. न्हाणीला मोरी. मोरी गल्लीतल्या झाकलेल्या नालीला. चार-साडेचार हजार वर्सं झाली त्याला. आन् आपल्या गल्लीत?"

सगळ्यांच्या नजरा आपोआप खाली जायच्या. आमच्या गल्लीला नाली नव्हती. न्हाणीचं, भांड्यांचं पाणी उंबऱ्याशेजारून निघायचं, दोन दारं पुढं सरकायचं आणि जमिनीत जिरून जायचं.

"माणसं किती मोठी व्हती ते त्यांच्या देवळावरनं कळत नसतंय," तात्या बोट वर करून सांगायचा. "वापरलेलं पाणी कुठं गेलं, ते बघायचं."

शेजारची कडूबाई हे ऐकून घेणारी नव्हती. ती कन्नड तालुक्यातली, माहेरी असताना दरवर्षी पितळखोऱ्याच्या लेण्यांत जाऊन आलेली. "भाऊ, आमच्या भिक्खूंनी कातळात टाकी खोदल्यात. पावसाचं पाणी धरून ठेवायचे. तुमचे लोक पाणी काढून द्यायचे, आमचे धरून ठेवायचे. कोण शहाणं?"

"दोन्ही लागतंय, कडूबाई."

"दोन्ही लागतंय म्हणं! घागरीत काय हाय ते सांगा आधी."

बिरूतात्या मूळचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात बापाची मेंढरं चाऱ्यावाचून एकेक करून बसली ती उठलीच नाहीत. मिसरूड फुटायच्या वयात तो खडी फोडायला गेला आणि तिथून एका पांढरीवर. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. बाहेरगावचे एक साहेब ते टेकाड खणत होते. त्यांना हलक्या हाताचा माणूस हवा होता, आणि नुकत्या जन्मलेल्या कोकराचं तोंड पुसणारा हात मडक्यालाही चालतो, असं त्यांचं मत पडलं. दुपारी भाकरी सोडल्या की साहेब मजुरांना जगाच्या गोष्टी सांगायचे. रूमच्या, म्हणजे रोमच्या, लोकांनी कमानी बांधून डोंगरातलं पाणी शहरात कसं आणलं, त्याच रूमच्या बाया आपल्या तेरचं मलमल कशा नेसायच्या. इराकात दोन नद्यांच्या मधल्या लोकांनी इतके पाट काढले, की शेवटी रानात मीठ फुटलं, गहू गेला, जवावर दिवस काढायची पाळी आली.

तीन-चार हिवाळे हे चाललं. मग काम बंद झालं, साहेब गेले, आणि बिरूतात्या शहरात आला. शहागंजात हमाली केली. पुढं वाळूजला एका कंपनीत ॲसिडच्या टाक्या धुतल्या. त्या टाक्यांनी त्याचं नाक नेलं, कसला वासच येईना. भाजी करपली तरी मंजुळाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, ओरडून सांगावं लागे.

पन्नाशी उलटल्यावर त्यानं आमच्या गल्लीत दोन खोल्या बांधल्या. शहर सुटल्यासारखं वाढत होतं. आमची जागा कागदोपत्री बेचिराख गाव. निजामाच्या काळापासूनचा महसुलाचा शब्द आहे हा. जिथं दिवा लावायलाही माणूस उरलेलं नाही, असं गाव. प्लॉटिंगवाल्यानं त्याचं टेकाड सपाट केलं, चुन्याच्या रेघा मारल्या आणि विकून टाकलं. ज्या दिवशी पायाच्या खड्ड्यात पहिलं खापर निघालं, त्या दिवशी तात्या मंजुळाबाईला म्हणाला, "बघ, फिरून पांढरीवरच आलो."

"आले, पण पाणी कुठंय?" ती म्हणाली.

दोन हजार तेराचा उन्हाळा आला तेव्हा हा प्रश्न साऱ्या गल्लीचा झाला. बोअर आटले. टँकर आठवड्यातून कधीतरी यायचा, यायचा नाही. आणि कडूबाईची मेघा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. सातवा सरत आला होता.

"बाळंतीण म्हणजे पाणीच पाणी," कडूबाई म्हणायची. "तिला आणू कशाच्या जिवावर? आन् नाय आणावं तर सासू म्हणंल, पहिलटकरीण आन् आईला जड झाली."

असं सगळं असताना गल्लीतल्या राजकुमारनं दोन दारं पुढच्या रिकाम्या प्लॉटवर घराचा पाया काढायला घेतला. जेसीबीचा दात एके ठिकाणी अडला, माती ढासळली, आणि आत भाजक्या मातीच्या रुंद कड्या दिसल्या. एकावर एक रचलेल्या, सरळ खाली गेलेल्या.

बिरूतात्या धोतर सावरत असा धावला, की ड्रायव्हरनं मशीन आपणहून बंद केलं.

"हात लावू नको! आड हाय त्यो! राजकुमार, आड! सातवाहनाच्या वक्ताचा!"

"तात्या, खात्री हाय का?"

"आमच्या त्या टेकाडावर अशाच कड्या निघाल्या व्हत्या. साहेब सोता म्हणले, आड हाय."

साहेब खरं तर म्हणाले होते, बहुतेक आड असावा. तळ गाठायच्या आत हंगाम संपला होता. पण चाळीस वर्षं तीच गोष्ट सांगताना ते 'बहुतेक' कधी झिजून गेलं, हे तात्यालाही कळलं नव्हतं.

"वर कळवायचं का कुणाला?" राजकुमारनं हळूच विचारलं.

"कळव की," कडूबाई फणकारली. "येतील, दोरी बांधतील, बोर्ड लावतील. माझी मेघा बोर्ड पिईल."

आठवडाभर पाया थांबवायचा ठरला. संध्याकाळी कामावरून आलेली माणसं पाळीपाळीनं कड्यांत उतरायची, आखूड कुदळीनं उकरायची, घमेली वर यायची. काठावर तात्या बसून माती चाळायचा. राख यायची, हाडकं यायची, फुटकी मडकी यायची, आणि हिरवट करडी, लोण्यासारखी मऊ माती.

"ही अशी कामून हो?" मंजुळाबाईनं चिमटीत घेऊन विचारलं.

तात्यानं ती माती बोटांत चोळून बघितली. "गाळ हाय," तो म्हणाला. "आडात गाळच असतोय."

आणि मग त्यानं रूमच्या कमानींची गोष्ट काढली. पण या वेळी कुणी कंटाळलं नाही. मोबाइल खिशात गेले. लोक विचारू लागले, ती माणसं कोण होती, कुठं गेली, का गेली. चाळीस वर्षांत बिरूतात्याला न मिळालेली टाळी त्या आठवड्यात मिळाली.

काम लांबत चाललं तसा राजकुमार चुळबुळू लागला. तेव्हा तात्यानं बापाची परीक्षा काढली. मेंढरं घेऊन नव्या मुलखात गेलं की त्याचा बाप तिन्हीसांजेला धुतलेल्या लोकरीचा पुंजका जमिनीवर ठेवायचा, वर मडकं पालथं घालायचा. सकाळी लोकर ओली लागली, तर खाली पाणी आहे असं धरून मेंढरांचा तळ तिथंच पडायचा.

दिवेलागणीला कड्यांच्या तळाशी मडकं पालथं पडलं. सकाळी राजकुमार खाली उतरला आणि खालूनच ओरडला, "तात्या! ओली हाय! पिळली तर थेंब पडायलाय!"

बायांनी हळदकुंकू आणलं. मंजुळाबाईनं डोळ्यांना पदर लावला. कडूबाईनं तिथंच उभं राहून कन्नडला, मेघाच्या सासरी फोन लावला. "मेघा, यष्टीत बस. पाणी लागलं! व्हय, तात्यानी लावलं. लई जुनं पाणी हाय, सातवाहनाचं!"

बिरूतात्या लोकर मुठीत धरून उंबऱ्यावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघा आली. पाय सुजलेले, चेहरा उन्हानं काळवंडलेला. आईनं तिला पाणीसुद्धा न देता आधी आडापाशी आणलं. खालून नुकतंच चिखलाचं घमेलं वर आलं होतं.

"ये पोरी," तात्या म्हणाला. "पहिला मान तुझा. बोट लाव."

मेघा वाकली आणि तोंडावर पदर धरून मागं सरली.

"काय झालं गं?"

"साबण, आई."

"काय साबण?"

"ह्याला साबणाचा वास येतोय. धुण्याच्या. आन् खरकट्याचा." तिला उमासा आला. ती भिंतीला टेकली.

कुणीतरी हसलं. दिवस गेलेल्या बाईला कशाचाही वास येतो, असं कुणीतरी म्हणालं. पण मंजुळाबाईनं चिखल नाकाशी नेला आणि घमेलं खाली ठेवलं. राजकुमारनं नेला. मग एकेकानं. आणि सगळ्यांच्या नजरा खाली, गल्लीभर पसरलेल्या त्या ओल्या पट्ट्यांकडं गेल्या, ज्या राजकुमारच्या प्लॉटपर्यंत येऊन संपत होत्या.

तात्यानं चिखल हातात घेतला, नाकाला लावला, हुंगला, परत हुंगला. त्याला काहीच आलं नाही.

"मंजुळे, खरं सांग."

"आपल्या न्हाणीचंच हाय हो," ती म्हणाली.

तरी राजकुमार संध्याकाळपर्यंत उकरत राहिला. दोन कड्या अजून लागल्या, मग मुरूम लागला. कोरडा, टणक, तळाला कसलाही झरा नाही. आड नव्हताच तो. कुणा जुन्या घराचा सांडपाणी जिरवायचा शोषखड्डा होता. घर गेलं, गाव गेलं, गावाचं नाव गेलं, दिवा लावणारं कुणी उरलं नाही, आणि खड्डा मात्र आमच्या गल्लीचं साबणाचं पाणी इमानानं पीत बसला होता.

"भाऊ, आठ दिस ती माती तुमच्या हातात व्हती," कडूबाई म्हणाली. ती ओरडली नाही, हेच वाईट होतं. "मोरीखाली असती तशी हिरवी माती. तुमाला कळलं नाय?"

"कळलं व्हतं," तात्या म्हणाला. "कळून घ्यायचं नव्हतं."

मेघानं तीन दिवस काढले. टँकर आलाच नाही. चौथ्या दिवशी कडूबाई तिला घेऊन स्टँडवर गेली, कन्नडच्या गाडीत बसवली आणि परत येताना तात्याच्या दारावरून मान न वळवता गेली. बाळंतपण सासरीच झालं. जन्मलेली पोर जगली नाही. ते पाण्यामुळं झालं असं कुणी म्हणालं नाही, आणि पाण्यामुळं झालं नाही असंही कुणी म्हणालं नाही.

राजकुमारनं पाया पुरा केला. खड्डा आयताच मिळाला म्हणून वरच्या कड्या फोडून तिथं सेप्टिक टँक बसवला आणि सिमेंटचं झाकण ठोकलं.

त्यानंतर बिरूतात्यानं मिसर, रूम, इराक सगळं बंद केलं. टँकरच्या रांगेत ड्रमवर बसलेल्या कुणी गमतीनं विचारलं, "तात्या, आज कुठला राजा?" तर तो म्हणायचा, "आठवत नाय." मंजुळाबाई सांगायची, भाकर खातानासुद्धा बोलत नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी कडूबाईनं न्हाणीचं पाणी सोडलं. जमीन आता पहिल्यासारखं पीत नव्हती. पाणी सरकत येऊन तात्याच्या उंबऱ्याशी तुंबलं. कडूबाई केरसुणी घेऊन बाहेर आली. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"तुमचे ते सिंधूकाठचे लोक बरे व्हते, भाऊ. आपलं पाणी बघा. आपल्याच दारात बसतंय."

तात्या उठला. कोपऱ्यातलं खुरपं घेतलं आणि उकिडवा बसून त्या पाण्याला वाट काढू लागला. हात पूर्वीसारखाच हलका चालत होता. कडूबाई केरसुणीनं मागून पाणी लोटत राहिली.

पाणी त्या चरातून निघालं, दोन दारं पुढं गेलं, राजकुमारच्या घरापाशी वळलं आणि सिमेंटच्या झाकणाला टेकून थांबलं. तात्यानं खुरपं झाकणाच्या कडेला घालून बघितलं. कुठंच फट नव्हती.