हौसाच्या जागी मास्तर

पुण्याहून पहाटेच्या एस.टी.नं निघाले तेव्हा माझ्या पिशवीत रंगभूषेची पेटी, दोन जरीचे फेटे आणि पुठ्ठ्याचा एक मुकुट होता. एकाहत्तर सालचा जानेवारी होता. बी.एड.ला माझ्या वर्गात असलेले दिनकर गर्जे पाथर्डीच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावात शिक्षक होते. त्यांनी स्वतः लिहिलेलं मुलांचं नाटक शनिवारी तालुक्याच्या स्पर्धेत व्हायचं होतं. "शेवटच्या तालमी तुमच्या नजरेखालून जाऊ द्या, कुमुदताई," असा त्यांचा आग्रह होता. मी पुण्यात मुलींच्या शाळेत मराठी शिकवते आणि स्नेहसंमेलनाचं नाटक बसवते, तेव्हा मला कुणी मान देऊन बोलावलं याचा आनंदच झाला होता.

केडगाव आलं, म्हणजे आता नगर आलंच, म्हणून मी पिशवी मांडीवर घेतली आणि तिथंच गाडी पंक्चर झाली. सगळे खाली उतरलो. उतरताना मुकुट पिशवीतून घरंगळून रस्त्यावर पडला. शेजारच्या आजोबांनी तो उचलून फुंकर मारली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तमाशाचा फड कुठं उतरलाय, बाई?" मी शाळेचं नाटक आहे म्हणून सांगितलं. "शाळंत नाटकं करत्यात?" ते म्हणाले. "मग शिकीवत्यात कवा?"

नगरला गाडी बदलली. करंजीचा घाट चढून गेल्यावर माती पातळ होत गेली आणि दगड वाढत गेले. ज्वारीची ताटं गुडघ्याएवढीच होती. पाथर्डीहून पुढे एका मालाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून दुपारी गावात पोचले.

शाळा बघून मला वाटलं, आज सुट्टी असावी. चार खोल्यांपैकी तीन खोल्यांना बाहेरून कड्या होत्या. चौथीत गर्जे शिकवत होते आणि त्यांच्यासमोर लांबच लांब बसकर पट्ट्यांवर पाच मुलं बसली होती. पट्ट्या मात्र सगळ्या अंथरलेल्या होत्या, जणू बाकीची मुलं पाणी प्यायला गेली आहेत.

"बाकीची सहलीला गेलीत का?" मी हसत विचारलं.

"कारखान्याला," गर्जे म्हणाले.

"कारखाना बघायला?"

"ऊस तोडायला, कुमुदताई. दिवाळी झाली की आईबापांबरोबर जातात. पाडव्याच्या आसपास येतात. मग परीक्षा."

मी मुकुट हातात धरून तशीच उभी राहिले. पुणं सकाळीच सोडलं होतं मी. एका दिवसाच्या प्रवासावर अख्खी शाळा अशी नाहीशी होते, हे आजवर माझ्या कानावरसुद्धा आलं नव्हतं.

तालीम सुरू झाली. गाढवाला प्रधान नेमणाऱ्या एका राजाची ती गंमत होती. गाढव झालेला मुलगा तर झकासच होता. पण राजाची वाक्यं गर्जे स्वतः बाजूला उभं राहून म्हणत होते.

"राजा कोण आहे?"

"हौसा. आठवीतली. काम बघाल तर थक्क व्हाल. चुलतीपाशी राहिली होती ती, नाटकासाठी हट्ट करून. गेल्या आठवड्यात तिची आई तिकडं फडात (ऊसतोड चालू असलेल्या शेतात) बाळंत झाली आणि बाप येऊन हिला घेऊन गेला."

"मग दुसरं कुणी बसवा. नाही तर यंदा राहू द्या."

गर्जेंनी पाचही मुलांना घरी पाठवलं आणि मग बोलले. "ही पाच इथं का आहेत माहीत आहे? गणितासाठी यातलं एकही मागं राहिलं नाही. नाटकात काम आहे म्हणून राहिली. आजीपाशी, मावशीपाशी, जिथं जागा मिळाली तिथं. आणि नाटकासाठी राहिली म्हणून गणितही शिकली. नाटक राहिलं, तर सोमवारी ही खोलीसुद्धा बंद."

मी इतकी वर्षं नाटकं बसवली, पण नाटक म्हणजे आमच्याकडे शिक्षणावर घातलेली साखर. इथं तेच अन्न होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं हौसाला आणायला निघालो. नगरहून मनमाडकडे जाणारी पॅसेंजर पकडली. राहुरी सोडल्यावर खिडकीबाहेरचं जग पालटलं. पाटाचं पाणी, केळी, आणि नजर जाईल तिथवर ऊस. एकाच जिल्ह्याचे हे दोन तुकडे शेजारीशेजारी आहेत, यावर माझा विश्वास बसेना. पुणतांब्याला उतरलो तेव्हा हवेत मळीचा आंबट-गोड वास होता. स्टेशनबाहेर चहा आणि शेव-चुरमुरे खाऊन एका रिकाम्या बैलगाडीत बसलो आणि गोदावरीच्या अंगच्या शिवारात गेलो.

तिथं एका पडीक रानात कोप्या (उसाच्या पाचटाच्या तिकोनी झोपड्या) होत्या. वाकून आत शिरायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. कोप्यांत कुणी नव्हतं, सगळी माणसं फडात. फडाच्या बांधावरल्या बैलगाडीच्या साट्याला, म्हणजे तिच्या लाकडी चौकटीला, लुगड्याची झोळी बांधलेली होती. मी सहज डोकावले, तर आत मूठभर आकाराचं बाळ झोपलेलं. त्याची आई पाच पावलांवर मोळी बांधत होती. डोक्याला फडकं घट्ट गुंडाळलेलं, चेहरा पांढरा पडलेला.

"किती दिवसांचं आहे?" मी विचारलं.

"आठ दिस झालं," ती म्हणाली आणि मोळीवर गुडघा दाबून गाठ आवळली.

माझी थोरली बहीण बाळंतपणानंतर सव्वा महिना खोलीबाहेर आली नव्हती. मी झोळीशेजारी बांधावर बसले.

मग हौसा आली. काळीसावळी, उंच, डोळे मोठे. डोक्यावर मोळी होती. सरांना बघताच मोळी टाकून ती धावत आली आणि मधेच थांबून तिनं डावा हात पाठीमागं लपवला. त्याला चिंधी बांधलेली होती.

"काय झालं?" गर्जेंनी विचारलं.

"काय न्हाई, सर. कोयता निसटला."

चिंधी सोडून पाहिली. करंगळीचं नख मुळापासून गेलं होतं. तिनं हूं की चूं केलं नाही, उलट मलाच म्हणाली, "बाई, बगू नगा तुमी. तुमाला चक्कर यील."

तिचे वडील, किसन, बैलांसाठी उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करत होते. कमी बोलणारा, सरळ माणूस. गर्जेंनी सगळं सांगितल्यावर त्यांनी वाढ्याचा भारा खाली ठेवला.

"मास्तर, पोरगी न्यायला माझी ना न्हाई. बाई संगं हायती, तवा काळजी बी न्हाई. पर गाडी रोज भराया लागती. ही बाळतीन, निम्मं काम बी हुईना तिला. हौसा गेली तर मोळ्या वाहील कोन?"

गर्जेंनी अंगातला टेरिलिनचा सदरा काढला, घडी करून गाडीवर ठेवला आणि बनियनवर उभे राहिले.

"मी वाहीन."

मला वाटलं, गंमत करताहेत. बांधावर उभ्या असलेल्या टोळीच्या मुकादमालाही तसंच वाटलं असावं. तो मोठ्यानं हसला. "मास्तर, ह्ये काय खडूचं काम हाय व्हय?"

"माझं लहानपण कोपीतच गेलंय, मुकादम," गर्जे म्हणाले.

हौसा मात्र रडायला लागली. "सर, न्हाई! तुमी नगा. मी न्हाई जात. मला न्हाई करायचं नाटक!" एवढा वेळ न रडलेली मुलगी आता हुंदके देत होती. आईनं तिला जवळ घेतलं, पण तीही गर्जेंकडेच बघत होती, काहीतरी विपरीत घडल्यासारखी.

मी त्यांना बाजूला नेलं. "गर्जे, शनिवारी तुम्ही तिथं असायला हवं. नाटक तुमचं आहे."

"तिथं तुम्ही आहात, कुमुदताई. इथं तिच्या जागी कुणी नाही." आणि वाकून त्यांनी हौसानं टाकलेली मोळी डोक्यावर घेतली. पहिल्या खेपेला तोल गेला. दुसऱ्या खेपेला सावरले. संध्याकाळच्या गाडीसाठी आम्ही निघालो तेव्हा ते फडात पाठमोरे दिसत होते, आणि लांबून बघणाऱ्याला तो एक मजूर आहे एवढंच कळलं असतं.

परतीच्या गाडीत हौसा खिडकीशी बसली होती. राहुरीच्या पुढे म्हणाली, "बाई, वाक्यं म्हनू का? न्हाई तर इसरन मी." आणि तिनं डब्यातच सुरुवात केली. राजाचा आवाज लागताच समोरच्या बाकावरची म्हातारी दचकून टोपली सावरत उभी राहिली. मीही दचकले. ती खेड्यातली पोर कुठल्या कुठे गेली होती. समोर राजा होता, मूर्ख, गर्विष्ठ आणि मनातून घाबरलेला. उच्चार शुद्ध, शब्दन् शब्द ठाम. पुण्यातल्या माझ्या कुठल्याही मुलीनं माझ्या अंगावर असा काटा आणला नव्हता.

शनिवारी पाथर्डीत मंडप भरला होता. मी मुलांचे चेहरे रंगवले, फेटे बांधले. हौसाच्या चिंधीतून पुन्हा रक्त येत होतं, म्हणून माझ्या पातळाच्या कडेची पट्टी फाडून बांधली. नाटक सुरू झालं आणि पहिल्या पाच मिनिटांत लोक हसून लोटपोट झाले. शेवटी गाढव निघून जातं आणि राजा एकटा उरतो, तिथं तो एक लांब भाषण करतो, की राज्याचं ओझं सगळं गाढवानं वाहिलं, आपण नुसता मुकुट वाहिला. त्या भाषणाला कुणी खोकलंसुद्धा नाही.

निकाल लागला. उत्तेजनार्थ. परीक्षकांनी माइकवरून कारणही सांगितलं. "वेशभूषेत निष्काळजीपणा. राजाच्या हाताला चिंधी शोभत नाही."

मी खुर्चीतून उठलेच. पण तोवर प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले होते. "विद्यार्थी मित्रहो," ते म्हणाले, "नाटक, खेळ हे विरंगुळ्यापुरतं ठीक. त्यापायी शाळा बुडवू नका." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसून हौसाही वाजवत होती, दुखरा हात सांभाळत, मनापासून. मी तिच्याकडे बघत राहिले.

"बाई, उत्तेजनार्थ म्हंजी?"

"म्हणजे... छान केलंत, पुढच्या वर्षी पुन्हा या."

"पुढच्या साली!" ती एवढंच म्हणाली आणि हसली. तेराव्या वर्षी माणूस तसं हसत नाही.

रविवारी दुपारी आम्ही फडावर परतलो. गर्जे झाडाखाली बसून बाजरीची भाकरी आणि ठेचा खात होते. खात होते म्हणजे किसन त्यांना घास मोडून देत होते, कारण त्यांच्या दोन्ही तळहातांवरचे फोड फुटले होते. मानेवर पाचटाचे ओरखडे होते.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. चिंधीचंही सांगितलं. मग किसन म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्यास्नी. हौसे, आमाला दाव ना. मास्तर कशापायी राबलं त्ये आमाला बी कळू द्या की."

उन्हं कलली, माणसं फडातून आली. कोप्यांमधल्या मोकळ्या जागेत हौसा एकटी उभी राहिली आणि तिनं शेवटचं भाषण म्हटलं. बाळाला पाजत बसलेली तिची आई, पारूबाई, पदर सावरायचं विसरली. किसननी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. भाषण संपलं तरी कुणी टाळी वाजवली नाही, तसा रिवाजच तिथं नसावा. मुकादम मात्र खाली मान घालून आपल्या कोपीकडे निघून गेला.

सगळ्यांत आधी पारूबाई बोलली. "एवढं कवा शिकली गं तू? घरी तर तोंडातून शबूद काढीत न्हाईस." मग नवऱ्याकडे वळली. "हिला पुढच्या साली आनायची न्हाई."

"ऱ्हाईल कुठं? भावजय एकदा ठिवून घेईल, दरसाल कशी ठिवील?"

"शाळंच्या खोल्या मोकळ्याच पडत्यात ना, मास्तर?" तिनं गर्जेंना विचारलं. "तितं ऱ्हातील पोरं. हिच्यासंगं आनखी चार. बाजरी आमी घालू. जाऊबाईकडं असती ती माझी सासू रांधील."

गर्जेंनी लगेच त्या चार पोरांची नावं विचारून घेतली. गेली कित्येक वर्षं त्या बंद कड्या रोज पाहूनही हे आपल्याला सुचलं नव्हतं, असं ते मला, हौसाला आईबापांपाशी ठेवून निघालो तेव्हा, पुणतांब्याच्या फलाटावर म्हणाले.

मी पुण्याला परतले त्याला आता वर्ष होऊन गेलं. दिवाळीनंतर गर्जेंकडून कळलं, की दोन खोल्यांच्या कड्या निघाल्या. अकरा मुलं तिथं राहतात. गावात कुरकुर झाली, वरच्या साहेबांनी हे कुणाच्या परवानगीनं म्हणून विचारलं, पण मुलं राहिली आहेत. संध्याकाळी तालीम, मग दिव्याभोवती अभ्यास. हौसा नववीत आहे आणि यंदा ती नाटक बसवते आहे. पलीकडच्या वस्त्यांतली पन्नासएक मुलं मात्र यंदाही गेलीच.

मी त्या भागात गेले ते मुलांना नाटक शिकवायला, फेटे आणि मुकुट घेऊन. बसला तो धक्का अजून ओसरलेला नाही, आणि ओसरू नये असंच वाटतं. वर्गात शिरले की मी हल्ली आधी मागच्या बाकांकडे बघते. सगळ्या मुली जागेवर असतात. एवढी साधी गोष्ट, पण ती दिसल्यावरच मी पुस्तक उघडते.