बंद केल्यावर पेटणारे दिवे

सन एकोणीसशे चव्वेचाळीस, भर चैत्र. राज्य निजामाचं. त्या उन्हाळ्यात मी औरंगाबादच्या बिजलीघरात कामाला लागलो. शाळा चौथीपर्यंत. दिवसभर एक मशीन आणि तीच ती माणसं, तिथं किस्से धुळीसारखे साचतात. धूळ रोज झाडली, किस्से राहिले.

आमचे मिस्त्री करीमचाचा. डायनामोच्या कॉइलचा खटका ओढण्याआधी तिला सहा बल्बांची माळ जोडायची, हा त्यांचा कायदा. "करंट को झटके से नक्को काटो मियाँ, उलट के मारता!" एकदम तोडला की कॉइलमधून करंट कितीतरी पट दाबानं उसळतो. माळ असली की तो बल्बांत जिरतो. म्हणजे खटका बंद केला की दिवे भक्कन पेटायचे!

एकदा गुलमंडीचे कापडवाले शेठ तक्रार घेऊन आले. दुकानात उजेड पडत नाही. तेवढ्यात चाचांनी खटका ओढला. माळ लखलखली.

"बंद केला ना?" शेठनी मला विचारलं.

"व्हय."

"वा! आमच्याकडं चालू करून पेटत नाहीत, तुमच्याकडं बंद करून पेटतात!"

*

पडेगावचा एक पैलवान तेलाची पिंपं पोचवायला यायचा. "बिजली काय करती मला?" चाचांनी सुट्या कॉइलला टॉर्चचा एक सेल जोडला आणि तिची दोन्ही टोकं त्याच्या हातात दिली. काही नाही. पैलवान हसला. चाचांनी सेल सोडवला. पैलवान उडून पिंपावर जाऊन बसला!

"जोडला तर गप, काढला तर लाथ! अगदी माझा सासरा!" पैलवान ओरडला.

*

हात माझा चपळ. गर्व होता, आजही आहे. एका दुपारी चाचा नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, वजूला गेले आणि मी माळ न जोडताच खटका ओढला. चट्ट! कॉइल जळाली. बिजलीघराचे साहेब धावत आले. नव्या माणसाची नोकरी गेलीच होती.

"किसने खींचा?"

दारातून, ओल्या दाढीनं, चाचा म्हणाले, "मैंने, साहब."

त्यांची बढती गेली. मला एवढंच म्हणाले, "हाथ तेज है तेरा. थोडी अक्कल भी खींच!"

*

दोन वर्षांनी चाचांची नजर अधू झाली. पेन्शनला तीन महिने राहिलेले. माळेतला एक बल्ब उडालेला त्यांना दिसला नाही. एक उडाला की सगळी माळ मेली. खटका ओढला, कॉइल गेली. त्याच वेळी मी वेरूळहून, घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन आत शिरलो.

"किसने खींचा?" साहेब ओरडले. चाचांची पेन्शन आता एका शब्दावर होती. त्यांनी तोंड उघडलं.

मी पुढं झालो. "मी ओढला."

साहेबांनी माझ्या कपाळावरचं भस्म पाहिलं, हातातली प्रसादाची पुडी पाहिली. "तू? तू तो दो दिन से वेरूळ में था!"

"व्हय, साहेब. तिथूनच ओढला."

साहेबांनी चाचांच्या अधू डोळ्यांकडं पाहिलं. मग वहीत माझं नाव लिहिलं.

माझ्यावरचं चाचांचं देणं फिटलं.