भावोजींचे बॅक्टेरिया

किस्से आमच्या घरात कुणी मुद्दाम जमवत नाही. रविवारी सकाळी अक्काकडे तोसै, म्हणजे डोसे, खायला माणसं जमली, की कुणीतरी म्हणतं, "त्या दिवशी भावोजींनी काय केलं माहीत आहे का?" आणि सगळ्यांची कॉफी गार होते. भावोजींनी फिशटँक घेतल्यापासून तर जुने किस्से काढायला वेळच मिळत नाही!

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, गोपाळराव. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. चेन्नईची नात चिन्नू सुट्टीत तंजावरला येणार, म्हणून फोनवर शब्द देऊन बसले, "तू येशील तेव्हा घरात मासे असतील!"

टाकी आली, वाळू आली, फिल्टर आला. मग त्यांनी इंटरनेटवर वाचलं, की नव्या टाकीत घाईनं मासे सोडले तर त्यांच्याच घाणीतून अमोनिया होतो आणि ते मरतात. आधी फिल्टरच्या स्पंजात चांगले बॅक्टेरिया वसवायचे. ते अमोनिया संपवतात. पण त्यांना वसायला काही आठवडे लागतात.

झालं! भावोजी मासे विसरले आणि बॅक्टेरियाच्या मागे लागले.

*

हॉलमध्ये टाकी. दिवा लागलेला, बुडबुडे चाललेले, आणि आत मासा एकही नाही! शेजारचे पार्थसारथी मामा पेपर मागायला आले. अक्कानं त्यांच्या हातात कॉफी दिली.

"मासे कुठे आहेत?" मामांनी विचारलं.

"मासे नाहीत," भावोजी म्हणाले. "सध्या घरात बॅक्टेरिया वाढवतोय."

मामांनी तोंडाशी नेलेला टंबलर खाली ठेवला. "घरातल्या बाईंना माहीत आहे हे?"

"तीच तर रोज त्यांना खायला घालते!"

मामा पेपर न घेताच चपला शोधायला लागले.

*

खायला घालते हे मात्र खरं. मासे नसले तरी अमोनिया तयार व्हायला हवा, म्हणून रिकाम्या पाण्यात माशांचं खाणं टाकून कुजवायचं. ते काम अक्काकडे. तिला हे अजिबात पटत नव्हतं.

"यांना इतका वेळ कसाला?" ती म्हणायची. आमच्या तंजावरी मराठीत 'का'ला 'कसाला' म्हणतात. "मी संध्याकाळी विरजण लावलं की सकाळी दही तयार. माझे बॅक्टेरिया कधी नखरे करत नाहीत!"

काही दिवसांनी टाकीतलं पाणी एकदम दुधाळ झालं. भावोजी आनंदानं वेडे व्हायचे बाकी होते. नव्या टाकीत बॅक्टेरिया भराभर वाढले की पाणी असंच गढूळ होतं, हे त्यांनी वाचलेलं होतं. सगळ्या नातेवाइकांना फोन केले. मला ऑफिसातून बोलावून घेतलं. अक्का मात्र स्वयंपाकघरातून बाहेर येईना.

दुसऱ्या दिवशी जेवताना भावोजी म्हणाले, "सगळं छान चाललंय, पण पाण्याला जरा वास येतोय."

"आंबट?" अक्कानं विचारलं.

भावोजींचा घास हातातच राहिला. "तुला कसं कळलं?"

*

दह्याचं सगळं पाणी काढून टाकी धुतली आणि पहिल्यापासून सुरुवात झाली. चिन्नूची सुट्टी जवळ आलेली. मग एक तोड निघाली. जवळच्या पापनाशम गावात माझा दोस्त रामोजी राहतो. त्याच्याकडे जुनी टाकी आहे. त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये घातला, की बॅक्टेरिया आयते मिळतात. अट एकच, स्पंज ओला राहायला हवा आणि धुवायचा नाही.

मी गेलो. त्याच्याच टाकीच्या पाण्यात तो स्पंज बुडवून जेवणाच्या डब्यात घेतला आणि बसमध्ये बसलो. ब्रेक लागला तसं झाकण उडालं. तळ्यातल्या चिखलाचा वास बसभर! शेजारी बसलेला माणूस उठून मागे गेला.

कंडक्टर आला. डब्यातल्या त्या तपकिरी गोळ्याकडे त्यानं नीट पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून तमिळमध्ये हळूच म्हणाला, "सार, घरी जा आणि आधी बायकोची माफी मागा."

*

अमोनिया तपासायचं किट असतं. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. हिरवं झालं तर आहे. भावोजींना पिवळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो तेच कळेना. त्यांनी अक्काला आणि माझ्या बायकोला बोलावलं. इथे चुकलं!

"हा हिरवाच. कोवळ्या केळीच्या पानाचा," बायको म्हणाली.

"छे! हा लिंबू," अक्का म्हणाली.

कपाट उघडलं. रेशमी साड्या सोफ्यावर आल्या. एकेका पदराला नळी लावून बघणं सुरू झालं. भावोजी मध्ये उभे, परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे. शेवटी दोघींचं एकमत झालं, लिंबूच.

"म्हणजे अमोनिया शून्य?" भावोजींनी श्वास रोखून विचारलं.

"ते मला काय ठाऊक!" अक्का म्हणाली. "पण याला वांगी रंगाचा काठ हवा."

बायकोनं नळीला बूच लावलं आणि पर्समध्ये टाकली. साडीच्या दुकानात दाखवायला!

*

चिन्नूचा तिच्या ताताला, म्हणजे आजोबांना, रोज फोन यायचा. एकदा ती बोलत असताना इकडे करंट गेला आणि फिल्टर थांबला. बॅक्टेरियांना हवा मिळायला हवी, म्हणून भावोजी सांबाराच्या डावानं टाकी ढवळत बसले. फोन कानाला तसाच.

"ताता, काय करता?"

"बॅक्टेरियांना वारा घालतोय."

"ते जेवले?"

"जेवले."

"मग ढवळू नका ना! पोटात दुखेल त्यांच्या!"

भावोजींनी डाव खाली ठेवला. करंट येईपर्यंत ते हातपंख्यानं वारा घालत होते.

*

शेवटी अमोनिया खरोखर शून्यावर आला. भावोजींनी लाल-निळे गप्पी आणून हलक्या हातानं पाण्यात सोडले. ते मजेत पोहायला लागले. एकही मेला नाही. भावोजींचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी चष्म्यावर पाणी उडालं असं सांगितलं.

चिन्नू आली. बूटसुद्धा न काढता धावत टाकीपाशी गेली. आम्ही सगळे मागे उभे. मी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. तिनं काचेला नाक लावलं. मासे समोरून गेले, परत आले. ती इकडेतिकडे बघत राहिली.

"ताता, कुठे आहेत?"

"हे काय समोर!"

"हे नाही. बॅक्टेरिया!"

"ते होय? ते त्या फिल्टरमध्ये, स्पंजात. डोळ्यांना दिसत नाहीत."

तिनं फिल्टरकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला बघून हलवावी तशी. मग माशांकडे बोट केलं. "मग हे कोण?"

"हे मासे! तुझ्यासाठी आणले!"

"त्यांच्या घरात?"

"हो."

चिन्नूच्या कपाळाला आठी पडली. "त्यांना विचारलंत?"

भावोजींनी अक्काकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग गुडघे धरून खाली बसले, फिल्टरपाशी तोंड नेऊन हलक्या आवाजात काहीतरी बोलले आणि काचेला कान लावला.

"काय म्हणतात?" चिन्नूनं विचारलं.

भावोजींनी हात वर केला.

"थांब! सगळे एकदम बोलतायत!"