मागची दोन चाकं

दाऊदभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते उकिडवं बसलेलं. अविनाश, म्हणजे माझा नवरा, मला आणि दीड वर्षाच्या राहीला रियाधच्या विमानतळावरून अल खर्जला घेऊन आला. डेअरीच्या फाटकापाशी गाडी थांबली आणि कुठूनसा एक उंच, काटकुळा, पांढऱ्या दाढीचा माणूस आला तो थेट आमच्या पुढच्या चाकापाशीच बसला. सलाम नाही, नमस्कार नाही. त्याने अंगठ्याचं नख टायरात रुतवलं, तळहात फिरवला, बोटं नाकाशी नेली. मी मनात म्हटलं, अगं बाई, हा वेडा की काय! मग तो उठला, फडक्याला हात पुसत अविनाशला म्हणाला, ‘‘सायब, डाव्या चाकात हवा कमी हाय. दोन दिवस तशीच चालवताय.’’ आणि माझ्याकडे वळून, ‘‘या वहिनी. प्रवास बरा झाला ना?’’ त्या परक्या मुलखात परक्या माणसाचं कानावर पडलेलं पहिलं वाक्य मराठीत होतं, तेही रत्नागिरीकडच्या हेलात. मला भरूनच आलं.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला. अब्बा गेले म्हणाला, झोपेतच. तेव्हापासून त्यांच्याबद्दल कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, पण टायरवाल्याबद्दल ऐकणार कोण? माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुझं आपलं काहीतरीच. म्हणून लिहायला बसले.

अविनाश डेअरीच्या शीतगृहाचा इंजिनिअर होता आणि दाऊदभाई तिथल्या टायर शेडचे मुकादम. दुधाचे पन्नासेक ट्रक त्या शेडमधून बाहेर पडायचे आणि अख्ख्या देशात दूध पोचवायचे. खाडीकाठच्या गावातून आलेला हा माणूस, शाळा चौथीपर्यंत. पण कुठल्या ट्रकला कुठला टायर जाणार हे ते ठरवायचे, आणि त्यांनी एकदा ठरवलं की मॅनेजरचीसुद्धा ते बदलायची बिशाद नव्हती.

वाळवंटाला हिवाळा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. मी मुंबईहून येताना स्वेटर म्हणून एक जुनी शाल आणली होती. पहिल्याच डिसेंबरात दात वाजायला लागले तेव्हा अक्कल आली. थंडी पडायच्या आधी शेडमध्ये टायर बदलायचा मोठा कार्यक्रम असे. मी राहीला कडेवर घेऊन लांबून बघत उभी राहायची. ड्रायव्हर एकेक करून पुढे येत. येमेनी, पठाण, मल्याळी, सगळे. आपापल्या ट्रकचा नंबर सांगायला लागले की दाऊदभाई हात वर करायचे. ‘‘गाडी मत बोलो. रास्ता बोलो.’’

रस्ता कळला की ते रांगेतून फिरत, एखाद्या टायरवर थाप मारत आणि म्हणत, ‘‘ये.’’ एवढंच. कधी कधी तर डोळे मिटून नुसत्या बोटांनी चाचपायचे. एकदा त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. उत्तरेला तबुककडे पहाटे रस्त्यावरचं पाणी गोठतं. कडक रबर अशा थंडीत दगड होतं, म्हणून तिथे मऊ रबर, बारीक बारीक चिरा पाडलेलं. खमीस मुशैतच्या डोंगरात धुकं आणि पाऊस, तिथे खोल पन्हळीचा टायर. आणि जेद्दाच्या सरळसोट रस्त्याला हिवाळा असो की काही असो, इतके तास पळून टायर तापणारच, तिथे मऊ रबर घातलं तर साल निघेल. ‘‘हिवाळा सगळीकडे एकच नसता वहिनी,’’ ते म्हणाले. ‘‘लोक कॅलेंडर बघून टायर घेतात. रस्ता बघायला नको?’’

खमीसच्या फेरीवरचा एक पठाण एकदा हटून बसला. त्याला ट्रॅक्टरसारखे मोठमोठे उंच गट्टू असलेले टायर हवे होते. बघणाऱ्याला धडकी भरेल असे. दाऊदभाईंनी वाद घातला नाही. दोन्ही टायर उभे केले आणि प्रत्येकावर तांब्याभर पाणी ओतलं. पठाणाच्या टायरात पाणी गट्टूंच्या मध्ये तुंबून राहिलं, त्यांच्या टायरातून ओघळून गेलं. ‘‘पानी को दरवाजा चाहिए, खान,’’ ते म्हणाले. पठाण गुपचूप त्यांचा टायर खांद्यावर टाकून निघून गेला. मी घरी आल्यावर अविनाशला हे सांगितलं तर तो हसला. ‘‘अनुभव आहे गं त्यांना, पण शास्त्र वेगळं,’’ म्हणाला. इंजिनिअर ना तो!

आणि मग आखाती लढाई सुरू झाली. जानेवारीच्या मध्यावर रियाधकडे क्षेपणास्त्रं यायला लागली, आणि आमच्या अल खर्जला लष्कराचा विमानतळ होता, म्हणजे तिथेही जीव टांगणीलाच. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या, न्हाणीघरात पाण्याच्या बादल्या, सायरन. राही चार वर्षांची होती. सायरन वाजला की ती स्वतःहून टेबलाखाली जाऊन बसायची आणि मला म्हणायची, ‘‘मम्मा, कम इन, जल्दी.’’ चौथ्या दिवशी तिने जेवणच टाकलं. जेद्दाला बलद या जुन्या वस्तीत माझ्या मावसबहिणीचं घर होतं, तिथे जायचं ठरलं. रियाधची विमानं बंद. गाडीने जायचं, ताइफपर्यंत वाळवंट, आणि मग हदाचा घाट उतरायचा.

आमच्या गाडीचे टायर झिजून गुळगुळीत झाले होते. पण अविनाशकडे उपाय होता. त्याचा एक युरोपातला सहकारी लढाईच्या धास्तीने घाईघाईने मायदेशी गेला, जाताना चार टायर देऊन गेला होता. कडेवर ठळक अक्षरात लिहिलेलं, हिवाळ्यासाठी म्हणून. एकही दिवस न वापरलेले. घाटात थंडी आणि पाऊस आहे म्हणतात, मग ह्याहून चांगलं काय? अविनाशची स्वारी खुशीत होती. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ते टायर चढवून घ्यायला आम्ही शेडवर गेलो.

दाऊदभाईंनी टायर हातात घेतला, कडेवरचे आकडे वाचले, नख लावलं. नख रुतलंच नाही. मग त्यांनी गुडघ्याखाली दाबून टायर वाकवला आणि मला जवळ बोलावलं. ‘‘बगा वहिनी.’’ केसासारख्या बारीक भेगा उघडल्या होत्या, शेकड्यांनी.

‘‘ह्यो बरफाचा टायर. त्याचा रबर मऊ असायला हवा. देणाऱ्यानं चार उन्हाळे गच्चीवर ठेवलेला दिसता. भाजून निघालाय.’’

‘‘अहो पण कोरा आहे, एक मैल चाललेला नाही,’’ अविनाश म्हणाला.

‘‘चालला नाय म्हणून म्हातारा होत नाय काय, सायब?’’

अविनाशचा चेहरा पडला. रॅकवर बघितलं तर सगळा खडखडाट. लढाईमुळे माल येत नव्हता, होता तो लष्कराच्या गाड्यांनी उचलला होता. दाऊदभाई दोन तास गायब झाले. परत आले ते चार टायर घेऊन, आमच्या मापाचे, खोल पन्हळीचे. पण त्यातले दोनच नवे होते. दोन अर्धे झिजलेले.

इथे खरी वादावादी झाली. अविनाश म्हणाला, नवे पुढे घाला. सगळे पुढेच घालतात. वळवणार पुढची चाकं, ओढणार पुढची चाकं, ब्रेकचा जास्त जोर पुढेच. दाऊदभाई म्हणाले, नवे मागे. अविनाशने त्यांना कागदावर आकृती काढून दाखवली! दाऊदभाईंनी ती नीट पाहिली, अगदी आदराने. आणि म्हणाले, ‘‘बरोबर हाय तुमचा. आता माझा ऐका. पुढचा चाक सरकला तर तुमच्या हाताला कळता. मागचा सरकला तर कुणालाच कळत नाय. कळता तवर गाडीनं तोंड फिरवलेला असता. आणि मागं कोण बसणार हाय?’’

अविनाशने माझ्याकडे आणि राहीकडे पाहिलं आणि नवे टायर स्वतःच मागे ढकलत नेले.

‘‘आन घाटात सरकलीच,’’ दाऊदभाई चाक आवळता आवळता सांगत होते, ‘‘तर ब्रेकवर पाय ठेवायचा नाय. पाय वर. हात सरळ. चाकाला फिरू द्या, चाक तुमाला बाहेर काढील.’’ हे त्यांनी निदान दहा वेळा सांगितलं. शेवटी अविनाश वैतागून म्हणाला, ‘‘खलास, दाऊदभाई, कळलं!’’ ते हसले. मी म्हटलं, तुम्हीही चला ना आमच्याबरोबर. तर म्हणाले, ‘‘आनि दुधाच्या गाड्या?’’

दुसऱ्या दिवशी ताइफ गाठलं, मुक्काम केला आणि सकाळी घाटाला लागलो. मी मागे बसले होते, राही माझ्या मांडीवर झोपलेली. धुकं एवढं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता, वर पावसाची भुरभुर. एका वळणावर एक मोठी गाडी चक्क उलटं तोंड करून उभी होती, आली त्याच दिशेला बघत. आतला माणूस सुखरूप होता, पण पांढराफटक. मला दाऊदभाईंचं बोलणं आठवलं आणि मी राहीला घट्ट धरलं. त्यानंतर दोन-तीन वळणांनी आम्हाला एक हिसका बसला, खडी वाजल्याचा आवाज झाला आणि गाडी थांबली. अविनाश स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला. मग उतरला, पुढे जाऊन बघून आला. मी विचारलं, काय झालं? ‘‘काही नाही. दगड होता.’’ मग आम्ही सावकाश खाली उतरलो, मक्केच्या अलीकडे बिगरमुसलमानांच्या रस्त्याला वळलो आणि दुपारी जेद्दाला बहिणीच्या दारात उभे राहिलो. राहीने त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या.

जेद्दातल्या मुक्कामात अविनाश धड झोपत नव्हता. दचकून उठायचा, बसून राहायचा. मला वाटायचं सायरनची भीती अंगात बसली असेल. मी त्याला थट्टेने म्हणायचीसुद्धा, अरे, इथे कुठे सायरन, झोप की मुकाट्याने.

लढाई संपली आणि मार्चमध्ये आम्ही परतलो. घरी सामान टाकलं आणि रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन आधी शेडवर गेलो. दाऊदभाई बाहेर आले. राहीच्या डोक्यावरून हात फिरवतील असं वाटलं, पण छे! ते बसले थेट पुढच्या उजव्या चाकापाशी. नख लावलं, तळहात फिरवला, पुन्हा फिरवला. खूप वेळ उठलेच नाहीत.

‘‘सायब, घाटात सरकली?’’

‘‘नाही हो. दगड आला होता एक.’’

‘‘दगडानं असा डाग पडत नाय.’’ त्यांनी अविनाशचा हात धरून त्याचं बोट टायरवर टेकवलं. ‘‘इथं चाक फिरायचा थांबला. ब्रेक दाबलात. आन ही कड खडीनं खरवडलीय, म्हणजे रस्ता संपला होता. दरी किती लांब रायली होती?’’

मी डबा घेऊन तशीच उभी. अविनाश खाली बघत होता.

‘‘हातभर,’’ तो म्हणाला. ‘‘कमीच असेल.’’

दोन महिने हा माणूस माझ्याशेजारी झोपत होता आणि मला पत्ता नव्हता.

‘‘तुम्ही सांगितलं होतं पाय ठेवू नका म्हणून,’’ अविनाश म्हणाला. ‘‘दहा वेळा सांगितलं होतं. तरी मी दाबला. ह्या दोघी मागे होत्या दाऊदभाई, आणि मी पाय दाबला.’’

दाऊदभाई उठले नाहीत. डागावर बोटं मांडून त्यांनी मोजलं. ‘‘चार बोटं. बगा तुमीच. पाय तसाच ठेवला असता तर डाग वीतभर झाला असता, आन ता बघायला तुमी इथं नसता. मागची दोन जाग्यावर रायली, तुमी पाय उचललात, पुढची फिरली. दाबतात सगळे, सायब. मी पण दाबला असता. तुमी सोडलात.’’

अविनाश टायरच्या थप्पीवर बसला आणि रडायला लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा. शेडमधले ड्रायव्हर तोंडं फिरवून आपापल्या कामाला लागले. मी पुढे होणार तोच दाऊदभाई त्याच्याजवळ गेले. तळवे रबराने काळेकुट्ट झाले होते, ते त्यांनी वर उचलून धरले आणि नुसतं मनगट अविनाशच्या डोक्यावर टेकवलं. तो शांत होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.