दहाचाकी गाडीचे ब्रेक

आमच्याकडे एक दहाचाकी ट्रक होता. घरात त्याला ट्रक कोणीच म्हणायचं नाही, सगळे 'गाडी'च म्हणायचे. माझ्या नवऱ्याने ती घेतली तेव्हाच ती जुनी होती. आम्ही खडकीला राहायचो. मी बुधवार पेठेत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बिलं करायचे आणि हे सांगली-कोल्हापूरकडून साखरेची पोती भरून पुण्यात आणायचे. ड्रायव्हर ठेवणं परवडत नव्हतं, आणि परवडलं असतं तरी यांनी ठेवला नसता.

जुन्या गाडीत एक काम निघालं की त्याच्यामागे दुसरं उभंच असतं. आधी रेडिएटर गळायला लागला. तो बदलेपर्यंत इंजिन तापून त्याचं गॅस्केट गेलं. गॅस्केटसाठी इंजिन उघडलं, तर आतले पिस्टन आणि लायनर झिजलेले. उघडलंच आहे तर करून टाकू म्हणत निम्मं इंजिन नवं झालं आणि हजारांत भागणारा खर्च लाखापुढे गेला. माझ्या पाटल्या तेव्हाच गेल्या.

आमचे मिस्त्री खडकीतलेच. आजोबांपासून त्यांच्या घरात हेच काम. बोलणं तिरकस, काम चोख. इंजिनाचं काम चालू असतानाच त्यांनी मागच्या एका चाकाचा ड्रम काढून यांना दाखवला. ब्रेकचे लायनर पार झिजले होते आणि सील गळून त्यांच्यावर ग्रीस उतरलं होतं.

"पळायची सोय झाली. थांबायची कधी करताय?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोन खेपा मारू द्या. मग सगळी चाकं एकदम करू," हे म्हणाले.

मी तिथेच डबा घेऊन उभी होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. इंजिन बिघडलं की गाडी जागची हलत नाही, म्हणून पैसा आधी तिकडे जातो. ब्रेक कमी धरत असले तरी गाडी चालते, भाडं मिळतं. जुनी गाडी बाळगणारी सगळीच घरं असाच हिशेब करत असावीत.

त्यानंतरच्याच खेपेला, भर दुपारी, दुकानात मला फोन आला. नंबर यांचा, आवाज परका.

"काकू, घाबरू नका. काका ठीक आहेत. पण तुम्ही या."

कात्रजचा नवा बोगदा संपून रस्ता नवले पुलाकडे उतरतो, त्या उतारावर गाडी होती. रस्त्याच्या कामासाठी कडेला मुरमाचा ढीग टाकलेला होता, त्यात तिचं तोंड रुतलेलं. काच फुटली होती, पुढचा ॲक्सल वाकला होता. पोती फाटून साखर डांबरावर पसरली होती आणि तिच्यावरून गाड्या चालल्या होत्या. हे कठड्याला टेकून बसले होते. कपाळाला कोणाचा तरी रुमाल बांधलेला. मला पाहून म्हणाले, "जेवलीस का?"

मला रडू आलं ते त्या प्रश्नाने.

दुसऱ्या कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. विमा होता, पण तो दुसऱ्यांच्या नुकसानीपुरता. गाडी ओढून गॅरेजला आणली तेव्हा मिस्त्री तिच्याभोवती एक फेरी मारून आले. या वेळी ते तिरकस बोलले नाहीत.

"एवढ्या खर्चात दुसरी जुनी गाडी येईल," ते म्हणाले.

"दुसरीचे रोग मला कुठे ठाऊक आहेत? हिचे तरी पाठ आहेत."

ॲक्सल, स्प्रिंगचे पाटे, काच आणि या वेळी सगळ्या चाकांचे ड्रम, लायनर, सील. यांच्या वडिलांनी फॅक्टरीतल्या नोकरीतून साठवलेलं पुढे केलं. गाडी नव्यासारखी थांबू लागली. पण हे सांगलीचं भाडं घेईनात. नगरला जात, सोलापूरला जात. कात्रजचं नाव निघालं की म्हणत, "तिकडे भाव नाही." मी कधी खोदून विचारलं नाही. त्या दुपारबद्दल घरात एक अवाक्षर निघालं नव्हतं.

मग एकदा नेहमीच्या व्यापाऱ्याने गळच घातली. हे हो म्हणाले आणि भिंतीकडे बघत बसले. मी म्हटलं, "मी येते."

"तू काय करणार आहेस?"

"काही नाही. बसेन."

येताना बोगद्याच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. खाली उतरून प्रत्येक चाकाशी वाकले. मग परत वर आले. बोगदा संपला आणि उतार लागला. गाडी खालच्या गिअरमध्ये, इतकी हळू, की मागचे हॉर्न थांबेनात. इंजिनाची धग पायांना लागत होती. अर्ध्या उतारावर ते समोर बघतच बोलायला लागले.

"इथे दाबला. धरलाच नाही. पुढे एक स्कूटर होती. बाई मागे बसलेली, मांडीवर पोर. पोर माझ्याकडे बघत होतं. म्हणून मुरमात घातली."

मागचे हॉर्न चालूच होते.

"तेव्हा भीती वाटली नाही," ते म्हणाले. "गाडी थांबली आणि मग हात थांबेनात."

पूल ओलांडून त्यांनी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "विकू या."

"आता? सगळं नवं केल्यावर?"

"उतरवता येते की नाही, तेवढं बघायचं होतं. आली. आता पुरे."

चांगलं गिऱ्हाईक आलं नाही. इतक्या जुन्या गाडीचं आरटीओत पासिंग पुढे होईल का, हाच प्रश्न प्रत्येकाचा. शेवटी ती भंगारात गेली. मिस्त्रींनी त्याआधी नवे ड्रम आणि पाटे काढून घेतले आणि त्यांची रास्त किंमत दिली. गॅस कटर लावला तेव्हा हे तिथे थांबले होते. मी विचारलं, कशाला थांबलात? म्हणाले, "कोणीतरी थांबायला हवं."

आता ते एका कंपनीची बस चालवतात. पगार ठरलेला, बस नवी, दुरुस्ती मालकाची. संध्याकाळी आम्ही एकत्र जेवतो. कधी मध्येच घास हातात धरून ते थांबतात. मी आमटी वाढते, आणि मग ते जेवायला लागतात.